थरथर आधी कुठल्या हाताला सुरू झाली?

ठाण्यातल्या नौपाड्यात आमच्या शेजारी राहणारे काका, वय ७१, त्यांना गेल्या वर्षी पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, निघाला तेव्हा डॉक्टरांकडे सोबत मी गेलो होतो. फाईल उघडायच्या आधीच डॉक्टरांनी विचारलं, थरथर आधी कुठल्या हाताला सुरू झाली? काका म्हणाले उजव्या, आणि ती पण काम करताना नाही, टीव्ही बघताना हात नुसता मांडीवर असतो ना तेव्हा. मग डॉक्टरांनी बोटं उघडझाप करून बघितली, खोलीत चालून दाखवायला सांगितलं आणि लेव्होडोपाची गोळी लिहून दिली, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. एवढ्यावर कसं काय ठरवलं असं मला तेव्हा वाटलं होतं. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की तो प्रश्न काय किंवा ती गोळी काय, दोन्हीच्या मागे अशी माणसं आहेत ज्यांचे मेंदू ती गेल्यावर कोणीतरी तपासले, जपून ठेवले.

मेंदू जपून ठेवण्याच्या या जागेला ब्रेन बँक म्हणतात. माणूस गेल्यावर घरच्यांच्या संमतीने मेंदू काढतात, चीर डोक्यावर केसांच्या आत एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत असते, चेहऱ्याला काही होत नाही आणि अंत्यदर्शन नेहमीसारखंच घेता येतं. ताजा मेंदू साधारण १३००-१४०० ग्रॅम भरतो आणि असतो अगदी खरवसासारखा मऊ, जरा जोरात धरला तर बिघडेल असा. बऱ्याच बँकांमध्ये त्याचे दोन भाग करतात. एक अर्धा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे अवयव टिकवायच्या रसायनात, तो काही आठवड्यांत घट्ट होतो आणि मग त्याचे केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली बघता येतात. दुसऱ्या अर्ध्याच्या चकत्या करून उणे ८० डिग्रीला गोठवतात, कारण आतली प्रोटीन्स आणि आरएनए (पेशीत जनुकांचा निरोप नेणारे रेणू) फॉर्मलिनमध्ये धड राहत नाहीत आणि आजकालचं बरंच संशोधन त्यांच्यावरच चालतं. सगळं काही तासांत करायला लागतं. नमुन्यावर नाव नसतं, कोड नंबर असतो, पण त्या माणसाचा आजार, औषधं, शेवटचे दिवस कसे गेले ही माहिती सोबत असते, तिच्याशिवाय नुसत्या मेंदूचा उपयोग फारच कमी.

आता डॉक्टरांचा तो प्रश्न. लंडनमध्ये पार्किन्सन्ससाठीची एक ब्रेन बँक आहे. तिथे ज्यांना जिवंतपणी डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला होता अशा १०० जणांचे मेंदू तपासून १९९२ मध्ये निकाल छापला, तर खरा पार्किन्सन्स निघाला ७६ जणांना. बाकीच्यांना दुसरंच काहीतरी होतं, वरून तसेच दिसणारे पीएसपी, एमएसए अशा नावांचे मेंदूचे वेगळे आजार, काहींना तर अल्झायमर्स! म्हणजे चारातल्या एकाचं निदान चुकलं होतं आणि मेंदू उघडून बघितला नसता तर ते कोणालाच कळलं नसतं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की सुरुवात एका बाजूने झाली का अशा गोष्टी काटेकोर बघितल्या तर निदान जास्त बरोबर येतं. जगभरचे न्यूरॉलॉजिस्ट वर्षानुवर्षं जे निकष वापरत आलेत ते त्या बँकेच्याच नावाने ओळखतात. काकांना विचारलेला प्रश्न तिथला.

आणि खरा पार्किन्सन्स मेंदूत दिसतो कसा? मेंदूच्या मधल्या भागात दोन्हीकडे एकेक काळी पट्टी असते, निरोगी माणसात ती काजळाची रेघ ओढल्यासारखी ठळक दिसते आणि पार्किन्सन्समध्ये पुसट होत जाते, कारण हालचालींसाठी लागणारं डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या त्या काळ्या पेशीच मरतात. काकांची लक्षणं दिसायला लागली तोवर त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असणार, आणि हे मला फार लागलं.

आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत १९९५ पासून ब्रेन बँक आहे, डॉ. एस. के. शंकर यांनी ती उभी केली. तिथल्या म्युझियममध्ये खरा मेंदू हातात घेऊन बघता येतो, कधी गेलात तर नक्की बघा. पण ठाण्याहून बंगळुरू जवळजवळ हजार किलोमीटर, आणि इथे हिशोब तासांचा. देहदानाबद्दल आपल्याकडे बरीच जागृती आहे, पण देहदानात शरीरात फॉर्मलिन भरतात, ते शिकवण्यासाठी असतं, त्या मेंदूवर आरएनएचं काम धड होत नाही. नेत्रदानाचा फॉर्म हॉस्पिटलात सहज मिळतो, मेंदूचा फॉर्म कोणी हातात दिलेला मी तरी बघितला नाही. आपल्या लोकांची जनुकं, खाणंपिणं, आपल्याकडचे टीबी, रेबीजसारखे आजार, हे सगळं युरोपातल्या मेंदूंवरून कसं कळणार? मला मनापासून वाटतं की मुंबई-ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलांनी हे हातात घ्यावं.

हे सगळं मी काका-काकूंना सांगत होतो तेव्हा काकू म्हणाल्या, ह्यांचा घेतील ठीक आहे, पण माझा कशाला घेतील, मला तर काहीच झालेलं नाही.

मग त्यांना गोळीची गोष्ट सांगितली. १९६० च्या सुमारास व्हिएन्नात ओलेह हॉर्निकीविच नावाचे संशोधक मेलेल्या माणसांच्या मेंदूचे नमुने घेऊन डोपामिन मोजत होते. नमुन्यात एक रसायन घातलं की डोपामिन असेल तर गुलाबी रंग यायचा. पार्किन्सन्सच्या नमुन्यात रंग जवळजवळ आलाच नाही, नुसत्या डोळ्यांनी दिसलं त्यांना. पण ते कळलं कशामुळे, तर बाजूला पार्किन्सन्स नसलेल्या माणसांचे नमुने होते आणि ते छान गुलाबी झाले होते. ते नसते तर रंग आला नाही म्हणजे टेस्ट फसली असंच वाटलं असतं. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, लेव्होडोपा शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं, म्हणून १९६१ मध्ये पेशंटना ते देऊन बघितलं तर अंथरुणाला खिळलेले काही जण उठून चालले.

काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, मग हे पोरांना आत्ताच सांगून ठेवायला लागेल ना? म्हटलं हो, त्या वेळी सही त्यांचीच लागणार.