परदेशातला युद्धगुन्हा आणि आपले पोलीस

फिरणारा समज असा: नागरिकाने परदेशातल्या युद्धात काहीही केले तरी मायदेशीचे पोलीस चौकशी करू शकत नाहीत.

एरवी पोलीस हद्द बघतात, त्यामुळे हे पटतेही. पण १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे (युद्धकाळात सामान्य नागरिकांना संरक्षण देणारा आंतरराष्ट्रीय करार) कलम १४६ उघडून बघा. हेतुपुरस्सर हत्या, छळ, ओलीस ठेवणे अशा गंभीर उल्लंघनांतले संशयित कोणत्याही देशाचे असोत, त्यांना शोधून आपल्या न्यायालयापुढे उभे करणे किंवा खटला चालवणाऱ्या दुसऱ्या देशाकडे सोपवणे सदस्य देशांवर बंधनकारक आहे. आणि सदस्य जवळपास सगळेच आहेत.

मग आपल्या देशाची फौजदारी संहिता वाचा. नागरिकाचा परदेशातला गुन्हा तिच्या कक्षेत येतो का, हे बहुधा सुरुवातीच्या कलमांतच सापडते.

पुरावे दूर असल्याने तपास रखडतो, हे मात्र खरे. तरीही तक्रार लेखी द्या, पोच घ्या, नकाराचे कारण लेखी मागा. अनेक देशांत त्या नकाराला न्यायालयात आव्हान देता येते.