पाच जण गेले होते : ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’च्या मागची गोष्ट

आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये ९ डिसेंबरला आम्ही चार-पाच जणांनी मिळून ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ दाखवला. ९ डिसेंबर म्हणजे चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता गेलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा स्मृतिदिन. दिवसभर कापूस वेचणी असल्यानं बाया उशिरा आल्या, पोरं मात्र संध्याकाळपासूनच सतरंजी धरून बसली होती. पिक्चर १९४६ चा, ब्लॅक अँड व्हाईट, आवाज कुठंकुठं फाटतो, मला वाटलं होतं अर्ध्या तासात निम्मा हॉल रिकामा होईल पण कोणी हललं नाही. संपल्यावर आठवीतल्या एका पोरानं विचारलं, “काकाजी, हे खरंच झालं व्हतं काय? अन् तो एवढ्या लांब गेला कायले?” तेव्हा मी दोन वाक्यात काहीतरी उत्तर दिलं पण ते मलाच पटलं नाही, म्हणून आता जरा सविस्तर लिहितो.

हो, खरंच झालं होतं. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण आपल्याकडं ती फार थोड्यांना माहीत आहे. कोटणीस एकटे गेले नव्हते. पाच डॉक्टर गेले होते आणि त्यातले एक, डॉ. चोळकर, आपल्या नागपूरचे होते.

सुरुवात १९३७ ची. ७ जुलैला बीजिंगजवळ मार्को पोलो पुलापाशी जपानी आणि चिनी सैन्याची चकमक झाली आणि त्यातून पूर्ण युद्ध पेटलं. युरोपातलं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन वर्षं होती, पण चीनमध्ये शहरंच्या शहरं पडत होती. चीनकडं सैनिक होते, डॉक्टर मात्र फार कमी, साध्या जखमेनं माणसं मरत होती. अशा वेळी चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीचे सेनापती जू दे यांनी २६ नोव्हेंबर १९३७ ला पंडित नेहरूंना पत्र लिहिलं, की औषधं पाठवा, डॉक्टर पाठवा. आता विचार करा, आपण स्वतः गुलामीत, आपल्याकडं ना सरकार आपलं ना तिजोरी आपली, आणि दुसरा अडचणीतला देश आपल्याकडं मदत मागतोय. काँग्रेसनं ती विनंती मनावर घेतली. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा अधिवेशनात चीनला पाठिंब्याचा आणि जपानी मालावर बहिष्काराचा ठराव झाला, सुभाषबाबू अध्यक्ष झाले, आणि जूनच्या शेवटी त्यांनी जाहीर आवाहन केलं. ७ ते ९ जुलै देशभर ‘चीन दिन’ पाळून निधी गोळा केला. २२ हजार रुपये जमले. त्या काळचे २२ हजार, आणि तेही आणा-दोन आणा करत लोकांनी दिलेले!

त्याच जुलै महिन्यात आपल्याकडं काय चाललं होतं तेही बघा. मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे, तेही नागपूरचेच डॉक्टर, त्यांच्या राजीनाम्याचं प्रकरण पेटलेलं. वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणी बसली, सुभाषबाबू स्वतः अध्यक्षस्थानी, खरे गेले आणि रविशंकर शुक्ल आले. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी खरे प्रकरण अजून यायचं, मी लहानपणी ऐकलेलं आहे, पारावर त्यावरून भांडणं व्हायची. पण त्याच उन्हाळा-पावसाळ्यात नागपूरचा दुसरा एक डॉक्टर चीनला जायची तयारी करत होता, हे मात्र माझ्या कानावर कधी आलं नाही, पुस्तकातच वाचलं.

पाच जण असे. अलाहाबादचे डॉ. मदन अटल हे प्रमुख, ते नुकतेच स्पेनच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर हे उपप्रमुख. कलकत्त्याचे दोघे, डॉ. बिजय बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी. आणि सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस, वय २७, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजमधून शिकलेले, पुढच्या शिक्षणाच्या तयारीत असलेले. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीनं निघाले.

या पाच जणांचे विचार एक नव्हते आणि मला या सगळ्या गोष्टीत हेच सगळ्यात मोठं वाटतं. बसू कम्युनिस्ट. अटल स्पेन बघून आलेले, फॅसिझम म्हणजे काय हे डोळ्यांनी पाहिलेले. चोळकर नागपूरच्या काँग्रेसच्या वातावरणातले. कोटणीस तर राजकारणात फारसे नव्हतेच, हुशार सर्जन व्हायचं एवढंच डोक्यात. असे पाच जण एका बोटीवर, मग एका ट्रकवर, मग एका गुहेत. प्रत्येकाच्या चिनी नावात ‘हुआ’ म्हणजे चीन हा शब्द जोडला गेला, कोटणीसांचं झालं को दि-हुआ. गावात आपण पाहतोच, इलेक्शनमध्ये दोन पार्ट्यांचे दोन मित्र सहा-सहा महिने बोलत नाहीत. आणि ही माणसं बॉम्ब पडत असताना एकाच टेबलावर ऑपरेशन करत होती.

सप्टेंबरच्या मध्यात ते कँटनला उतरले, तिथून हँकौ. ऑक्टोबरच्या शेवटी ही दोन्ही शहरं जपान्यांनी घेतली, म्हणजे हे पुढे पुढे आणि मागून युद्ध. मग यिचांग, चुंगकिंग. वडील गेल्याची बातमी कोटणीसांना चीनमध्येच कळली. सगळे म्हणाले परत जा. ते गेले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये टीम येनानला, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या मुख्य ठाण्यावर पोचली, तिथं डोंगरात खोदलेल्या गुहांमध्ये दवाखाना होता.

त्याच वर्षी चोळकर आणि मुखर्जी परतले, १९४० मध्ये अटल परतले. राहिले बसू आणि कोटणीस. दोघे आघाडीवर शान्शी-चाहार-होपेइ भागात गेले, पुढे बसू येनानला परत आले आणि कोटणीस तिथंच थांबले. कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून याच भागात काम करायचे, नोव्हेंबर १९३९ मध्ये ऑपरेशन करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष रक्तात भिनलं आणि ते गेले. त्यांच्या नावाच्या इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे कोटणीस जानेवारी १९४१ मध्ये डायरेक्टर झाले. हॉस्पिटल म्हटलं की आपल्याला बिल्डिंग दिसते, इथं शेतकऱ्यांची घरं होती, जपानी आले की सगळं सामान खेचरांवर लादून दुसऱ्या गावी. १९४० च्या मोठ्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता ऑपरेशनं केली असं सांगतात. चिनी भाषा एवढी शिकले की त्या भाषेत वर्गात शिकवायचे. तिथल्याच नर्सिंगच्या शिक्षिका कुओ छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये लग्न, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा, त्याचं नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय ३२.

इथं मला थांबून एक सांगायचं आहे. त्या डिसेंबरात आपल्या भागात काय चाललं होतं? ऑगस्टमध्ये ‘चले जाव’च्या लढ्यात चिमूर आणि आष्टी पेटलं होतं, १६ ऑगस्टला गोळीबार झाला, मग चिमूरमध्ये बायाबापड्यांवर झालेले अत्याचार, पकडापकडी. त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भणसाळी ११ नोव्हेंबरपासून उपोषणाला बसलेले, ते तब्बल ६३ दिवस चाललं. म्हणजे तिकडं होपेइच्या खेड्यात कोटणीसांनी शेवटचा श्वास घेतला तेव्हा इकडं आपल्या वर्ध्याजवळ एक माणूस अन्नावाचून पडून होता. पोरांना मी हे सांगितलं तेव्हा ती गप्प झाली, कारण चिमूर-आष्टी त्यांना माहीत आहे, आष्टी तर आमच्यापासून मोटरसायकलनं तासाभरावर.

आता पिक्चर कसा झाला ते. १९४३ मध्ये बसू भारतात परत आले. लेखक-पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास त्यांना भेटले, सगळी हकीगत ऐकली आणि पुस्तक लिहिलं, ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’, म्हणजे एक जण परत आलाच नाही. या पुस्तकावरून अब्बास आणि व. प. साठे यांनी पटकथा केली. व्ही. शांताराम म्हणजे शांतारामबापूंनी प्रभात फिल्म कंपनी सोडून १९४२ मध्ये मुंबईत परळला स्वतःचा राजकमल स्टुडिओ उभा केला होता, त्यांनी पिक्चर करायचं ठरवलं, दिग्दर्शन स्वतः आणि कोटणीसही स्वतःच. चिनी बायकोच्या भूमिकेत जयश्री, ज्या खऱ्या आयुष्यातही त्यांच्या बायको. जनरल फाँग झाले बाबुराव पेंढारकर, संगीत वसंत देसाईंचं. अख्खा चीन परळमध्ये उभा केला.

तेव्हा युद्धामुळे कच्ची फिल्म सरकारच्या ताब्यात होती, परवान्याशिवाय मिळत नव्हती, पिक्चरच्या लांबीवरही ११ हजार फुटांची मर्यादा, आणि परवाना हवा तर युद्धाला मदत होईल असा एखादा पिक्चर काढा अशी सरकारची अपेक्षा. बऱ्याच जणांनी कसेबसे काढून दिले. बापूंनी मात्र विषयच असा निवडला की जपानविरोधी असल्यानं सरकारला नाही म्हणता येईना, आणि मध्यभागी मात्र काँग्रेसनं पाठवलेला हिंदुस्थानी डॉक्टर, जो दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी मरतो. त्याआधी १९४१ मध्ये ‘शेजारी’त त्यांनी हिंदू-मुसलमान मित्रांची गोष्ट केली होती, दोघं भांडतात आणि शेवटी धरण फुटताना एकमेकांचा हात धरतात. मैत्री हा या माणसाचा जुना विषय.

पण १९४६ मध्ये पिक्चर आला तेव्हा काळ पार बदलला होता. ज्या सुभाषबाबूंनी १९३८ मध्ये जपानविरुद्ध लढणाऱ्या चीनला डॉक्टर पाठवले, तेच १९४३ मध्ये आझाद हिंद फौजेचं नेतृत्व हाती घेऊन जपानच्या मदतीनं लढले. १९४५ च्या शेवटी लाल किल्ल्यात फौजेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला आणि सगळा देश त्यांच्या बाजूनं उभा राहिला. आणि इकडं पडद्यावर जपानी म्हणजे क्रूर शत्रू. थिएटरात बसलेल्या माणसाच्या मनात नेताजीही आणि कोटणीसही, दोघंही आपलेच. मला यात कोणाला खोटं ठरवावंसं वाटत नाही. रवींद्रनाथांचंही असंच झालं होतं, जपानी कवी नोगुची त्यांचे जुने स्नेही, पण १९३८ मध्ये नोगुचींनी चीनवरच्या हल्ल्याचं समर्थन केलं तेव्हा रवींद्रनाथांनी पत्रात स्पष्ट लिहिलं की ज्या तुमच्या लोकांवर माझं प्रेम आहे त्यांना मी यश नाही, पश्चात्ताप चिंतितो. केवढं अवघड असेल ते लिहिणं.

पिक्चरनं काही गोष्टी बदलल्या. पडद्यावर कोटणीस साथीच्या रोगाशी झुंजताना खचतात, प्रत्यक्षात आजार वेगळा होता. १९४२ मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते, ही गोष्ट पिक्चरमध्ये ठळक येत नाही, आणि माझ्या मते हे कमीच पडलं, कारण राजकारणात नसलेला सोलापूरचा पोरगा चार वर्षांत तिथवर कसा पोचला हा प्रवास तर खरा बघण्यासारखा होता. आणि बाकी चौघं मागे राहतात. पिक्चरला एकच नायक लागतो हे कळतं, तरीपण चोळकरांसारखा माणूस, नागपूरचं सगळं सोडून गेला, कँटन-हँकौ पडताना तिथं होता, येनानच्या गुहेत राहिला, तो परत आला म्हणून त्याची गोष्टच उरू नये हे मला फार लागतं. बसूंनी पुढे पुन्हा चीनला जाऊन अॅक्युपंक्चर शिकून घेतलं आणि भारतात आणलं, कलकत्त्यात शिकवलं. परत आलेल्यांनीही ती मैत्री आयुष्यभर निभावली.

१९६२ च्या युद्धानंतर दोन्ही देशांत बोलणंच बंद झालं, तेव्हा कोटणीसांचं नाव घेणंही जड झालं असणार. मुलगा यिनहुआ डॉक्टरकी शिकत होता, तो १९६७ मध्ये ऐन विशीत गेला. पुढे चीननं १९८२ मध्ये आणि भारतानं १९९३ मध्ये कोटणीसांचं टपाल तिकीट काढलं, चीनचे मोठे नेते मुंबईला आले की कोटणीसांच्या घरच्यांना भेटायचे. चीनमध्ये शिच्याच्वांग शहरात त्यांची समाधी आहे. सोलापूरच्या घरात आता स्मारक झालंय. कुओ छिंगलान २०१२ पर्यंत होत्या.

पिक्चरच्या शेवटी कोटणीसांची बायको मुलाला घेऊन त्यांच्या घरी येते आणि मागून कोटणीसांचा आवाज येत राहतो. १९४६ मध्ये हे नुसतं कल्पनेतलं होतं, पुढे कुओबाई खरंच भारतात आल्या, एकदा नाही, बऱ्याचदा. हॉलमध्ये शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून एक आजी बसल्या होत्या, हिंदी त्यांना अर्धंच कळत होतं. लाईट लावले तेव्हा पदरानं डोळे पुसत शेजारणीला म्हणाल्या, “पोरगं नाई आलं वो बाई, पण सून तं आली ना घरी.”