‘मुस्तफा’ आपल्याकडे पोचला तो असा

साताऱ्यात किंवा सांगलीत नव्वदच्या दशकात वाढलेल्या माणसाला ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ विचारलं तर तो डोकं खाजवेल. ‘मुस्तफा’ म्हणा, लगेच चेहरा खुलतो. एसटी स्टँडच्या आसपास, शाळा-कॉलेजच्या वाटेवर जी गेम पार्लर्स होती, तिथे या गेमभोवती गर्दी ठरलेली. पण हा गेम ज्या अमेरिकन कॉमिकवर बेतलाय, त्यात मुस्तफा हे दुय्यम पात्र आहे, नायक दुसराच. त्याच कॉमिकवर एक गोळीबाराचा गेमही निघाला होता, आणि तो इकडे कोणी पाहिलासुद्धा नाही. कोणता गेम आपल्यापर्यंत आला आणि कोणता नाही, याचा निकाल कथेने लावला नाही. तो लावला पार्लरच्या पेटीतल्या सर्किट बोर्डाने आणि वायरिंगने.

सुरुवात कॉमिकची. मार्क शुल्ट्झ या चित्रकार-लेखकाची ‘झेनोझोइक’ ही कथा डिसेंबर १९८६ मध्ये ‘डेथ रॅटल’ या कॉमिक मालिकेच्या आठव्या अंकात आली. पुढच्याच वर्षी किचन सिंक प्रेसने ‘झेनोझोइक टेल्स’ ही स्वतंत्र मालिका सुरू केली. १९९६ पर्यंत तिचे अवघे १४ अंक निघाले. शुल्ट्झचं काळ्या शाईचं काम बारीक आणि वेळखाऊ, त्यामुळे अंक रखडत. कथा अशी: निसर्गाच्या प्रकोपातून वाचायला माणसं जमिनीखाली जातात, कित्येक शतकांनी वर येतात, तर पृथ्वीवर डायनोसॉर हिंडतायत आणि जुनी शहरं पाण्यात बुडालेली. जॅक टेनरेक हा मेकॅनिक जुन्या कॅडिलॅक गाड्या दुरुस्त करून पळवतो. हॅना डंडी ही दुसऱ्या टोळीची दूत आणि संशोधक. पेट्रोल नाही, म्हणून गाड्या डायनोसॉरच्या विष्ठेपासून केलेल्या इंधनावर चालतात. गोबरगॅस पाहिलेल्या आपल्या लोकांना यात फार अचंबा वाटायचं कारण नाही.

‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हे विकाऊ नाव पुढे संग्रहांना आणि इतर अवतारांना लागलं. १९९३ मध्ये सीबीएस वाहिनीवर त्याची कार्टून मालिका आली आणि १३ भागांत आटोपली. त्याच वर्षी कॅपकॉम या जपानी कंपनीने आर्केड गेम, म्हणजे पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायचा गेम काढला, आणि पुढचा सगळा इतिहास त्या गेमचा आहे.

कॅपकॉमने कथेतला प्रलय प्रस्तावनेपुरता ठेवला आणि आठ टप्प्यांचा मारामारीचा गेम बनवला. खेळणाऱ्यापुढे चार पात्रं: जॅक, हॅना, मुस्तफा कैरो आणि मेस ओब्रॅडोविच. मेस दणकट आणि संथ, मुस्तफा चपळ, जॅक मधला. बटणं फक्त दोन, मारणे आणि उडी. दोन्ही एकदम दाबली की भोवतीचे सगळे उडतात, पण त्या फटक्याची किंमत आपल्याच लाइफमधून जाते. काठी (जॉयस्टिक) पुढच्या दिशेने दोनदा पटकन ढकलली की पात्र पळतं, आणि पळताना मारायचं बटण दाबलं की मुस्तफाची ती प्रसिद्ध लाथ बसते. त्याशिवाय खाली-वर करून मारायचं बटण दाबलं की प्रत्येकाची खास चाल निघते. ही चाल पार्लरमधल्या बहुतेकांना ठाऊकच नसायची, कारण सूचनांचा कागद बोर्डाबरोबर क्वचितच येई.

मुस्तफाची निवड भाबडी नव्हती. या प्रकारच्या गेममध्ये मार बसतो तो शत्रूच्या सरळ रेषेत उभं राहिल्यामुळे. दुसऱ्या टप्प्याचा बॉस, म्हणजे शेवटचा मोठा शत्रू बुचर दोन्ही हातांत सुरे घेऊन अंगावर येतो. त्याच्या समोर थांबून बटण बडवणारा एका नाण्यात संपतो. रेषेच्या थोडं वर किंवा खाली राहायचं, तो पुढे सरकला की तिरकं आत शिरून एक लाथ घालायची आणि पुन्हा रेषा सोडायची. हे चपळ पात्राला जमतं. म्हणजे नाण्याला जास्त वेळ कोण टिकतं, या हिशेबात मुस्तफा जिंकला. नाव ओळखीचं वाटणं ही वरची भर.

गोळीबार या गेममध्येही आहे. पिस्तूल, शॉटगन, उझी, बाझूका, हातबाँब असं बरंच काही पेट्यांतून आणि पिंपांतून मिळतं. पण गोळ्या मोजक्या, आणि आडवे पडलो की बंदूक हातातून सुटते. म्हणून जाणकार बाझूका किरकोळ गुंडांवर उडवत नाहीत, बॉससाठी राखतात. तिसऱ्या टप्प्यात कॅडिलॅक हाती येते आणि समोरच्यांना उडवत जायचं असतं. मूळ कॉमिकशी या गेमचं नातं सर्वांत घट्ट वाटतं ते इथेच.

आता बोर्ड. हा गेम कॅपकॉमच्या सीपीएस-१ डॅश या संचावर होता. साध्या सीपीएस-१ला ‘क्यूसाउंड’ हा आवाजाचा भाग जोडून तो बनवला होता. चोरी होऊ नये म्हणून आवाज सांभाळणाऱ्या झेड-८० प्रोसेसरच्या जागी ‘काबुकी’ नावाची चिप बसवली. तिच्यातला प्रोग्रॅम कुलूपबंद, आणि कुलपाची किल्ली चिपच्या आतल्या स्मृतीत, जी एका लिथियम सेलवर जिवंत राहते. सेल संपला की किल्ली जाते. मग फक्त आवाज जाईल असं वाटतं, पण मुख्य प्रोसेसर आवाजाच्या भागाकडून उत्तराची वाट पाहत बसतो आणि गेम सुरूच होत नाही. नंतर नवा सेल घालूनही उपयोग नसतो. किल्ली पुन्हा भरावी लागते, किंवा साधा झेड-८० आणि कुलूप काढलेला प्रोग्रॅम बसवावा लागतो.

डुप्लिकेट बोर्डांनी ही भानगडच टाळली. नक्कल करणाऱ्यांनी क्यूसाउंड काढून टाकला. काही नकलांत त्याजागी एक छोटा पीआयसी कंट्रोलर आणि ‘ओकी ६२९५’ ही आवाजाची स्वस्त चिप आली. संगीत भसाडं झालं, तुकड्यातुकड्यांत वाजू लागलं, पण सेल नाही म्हणून मरणही नाही. पार्लरमधला मुस्तफा ज्यांना खरखरत्या आवाजात आठवतो, त्यांच्यापुढे बहुधा असाच बोर्ड होता. स्वामित्वहक्काच्या दृष्टीने ही सरळ चोरी होती, आणि तरी चालत राहिला तो चोरीचा माल.

बोर्ड कॅबिनेटला, म्हणजे पडदा आणि काठ्या असलेल्या पेटीला जोडायची पद्धत जामा या जपानी मानकाची: ५६ टोकांचा कनेक्टर, प्रत्येक बाजूला २८. त्यात वीज, चित्र, आवाज, नाणं आणि दोन खेळाडूंची काठी-बटणं एवढंच मावतं. कॅपकॉमचा गेम तिघांसाठी होता, पण तिसऱ्याची वायर वेगळ्या कनेक्टरवरून ओढावी लागते. ज्या कॅबिनेटमध्ये आज हा गेम आणि उद्या दुसरा लावायचा, तिथे हा खटाटोप कोण करणार? म्हणून दोन काठ्यांच्या कॅबिनेटवर मुस्तफा दोघांचाच गेम झाला.

चित्राच्या बाबतीत मात्र नशीब आपल्या बाजूने होतं. या बोर्डाचं चित्र सेकंदाला १५,६२५ आडव्या रेषांच्या गतीने निघतं. आपल्या जुन्या पाल पद्धतीच्या टीव्हीचा आकडाही नेमका हाच. त्यामुळे रंगांचे सिग्नल थेट घेता येतील असा बदल केला की साधी टीव्ही ट्यूब चालते. फरक एवढाच की टीव्ही सेकंदाला ५० उभे फेरे धरतो आणि बोर्ड ६०च्या किंचित आत देतो. चित्र वर सरकत राहिलं तर व्हर्टिकल होल्ड फिरवायचा, चपटं दिसलं तर उंची वाढवायची. गेम मधेच रीसेट होत असेल तर आधी पॉवर सप्लाय पाहायचा. कनेक्टरपाशी पाच व्होल्ट भरायला हवेत, पावणेपाचच्या खाली गेले की बोर्ड गडबडतो. सप्लायवर पाच दिसतात आणि कनेक्टरवर कमी, असं असेल तर वायर बारीक आहे किंवा टोकं काळी पडलीत. मुस्तफा पळत नसेल तर दोष काठीखालच्या मायक्रोस्विचचा. झिजलेला स्विच दोन पटापट टिचक्यांना एकच समजतो.

सांगलीत आणखी एक प्रश्न कृष्णेचा. २००५, २०१९ आणि २०२१ ला ज्या सखल भागांत पाणी शिरलं, तिथला कुठलाही बोर्ड गाळ वाळू न देता स्वच्छ पाण्याने धुवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पुरता वाळेपर्यंत वीज द्यायची नाही. सेल असेल तर मूळ बोर्डाची आशा धरू नये. ओल्या टोकांमधून सेल आधीच निचरून गेलेला असतो.

आणि तो गोळीबाराचा गेम? ‘द सेकंड कॅटॅक्लिझम’ या नावाने तो १९९४ मध्ये रॉकेट सायन्स गेम्सने सेगा सीडीसाठी काढला. त्यात रस्ता आधीच चित्रित केलेला, गाडी त्यावरून जाते, आपण डावी-उजवी वाट निवडायची आणि गोळ्या झाडायच्या. सीडीचा वेग सेकंदाला जेमतेम १५० किलोबाइट, पडद्यावर एका वेळी ६४ रंग, त्यामुळे चित्र रवाळ. खेळणाऱ्याच्या हातात फारसं काही राहत नाही. शिवाय या सेगा सीडीच्या आवृत्तीला सेगाचा घरगुती कन्सोल हवा आणि वर त्याचा सीडी ड्राइव्ह. नाणं टाकून चालणाऱ्या पेटीत हे बसवायचं कसं? पार्लरवाल्याच्या उपयोगाची ती वस्तूच नव्हती.

कॅपकॉमचा गेम मात्र घरच्या कुठल्याच कन्सोलवर आला नाही. २०१८ मध्ये कंपनीने जुन्या मारामारीच्या सात गेमचा संच काढला, त्यातही हा नाही. कॉमिकचे हक्क एकाकडे, कॅडिलॅक हे नाव जनरल मोटर्सचं, तेव्हा हा गुंता कोण सोडवणार? त्यामुळे पार्लर्स बंद झाल्यावर मुस्तफा इथे आला तो सायबर कॅफेतून, १९९७ मध्ये सुरू झालेल्या मेम या एम्युलेटरच्या, म्हणजे पार्लरचा बोर्ड संगणकावर नक्कल करून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या जोरावर. नाण्यासाठी ५, सुरू करायला १, मारायला कंट्रोल, उडीला ऑल्ट. एका साध्या कीबोर्डवर दोघे खेळले की काही बटणं दबतच नाहीत, कारण त्याच्या आतल्या वायरिंगच्या जाळीत तीन-चार कळा एकदम ओळखल्या जात नाहीत. एकाला यूएसबी गेमपॅड दिला की प्रश्न मिटतो. मेमच्या नव्या आवृत्तीत डीएल-१४२५ ही फाइल नाही म्हणून गेम अडला, तर तो खोटा संदेश नव्हे. ती क्यूसाउंड चिपच्या आतल्या प्रोग्रॅमची फाइल आहे, जुन्या आवृत्त्यांना लागत नव्हती. ती जागेवर असली की पार्लरमध्ये कधीच ऐकू न आलेलं मूळ संगीत वाजतं, आणि ते खरंच चांगलं आहे.