परदेश प्रवास वैद्यकीय विमा

परदेशात असताना अचानक उद्भवलेल्या आजाराचा किंवा अपघाताचा उपचारखर्च भागवण्यासाठी प्रवासी स्वतः हप्ता भरून घेतो तो खासगी विमा. भारतात जुन्या लोकांच्या तोंडी त्याचे नाव अजून 'ओव्हरसीज मेडिक्लेम' असेच आहे. हप्ता रुपयांत भरायचा, संरक्षणाची रक्कम मात्र डॉलर किंवा युरोत. घरची नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी बहुधा भारतातल्या रुग्णालयांपुरतीच चालते, म्हणून ही वेगळी घ्यावी लागते.

काही देशांत ती व्हिसाचीच अट असते. युरोपीय संघाच्या २००९च्या व्हिसा संहितेनुसार शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोंचे संरक्षण लागते. तातडीचे उपचार, आजारपणामुळे मायदेशी परत आणणे आणि मृत्यू ओढवल्यास पार्थिव पाठवणे यांचा खर्च त्यात यावा लागतो. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या युरोप सहलींत हे प्रमाणपत्र व्हिसाच्या कागदांबरोबर जोडले जाते आणि सहसा कोणी वाचत नाही.

अमेरिकेचे उलटे आहे. पर्यटक व्हिसाला विम्याची अट नाही, पण उपचार विलक्षण महाग. मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागात आलेल्या कोणालाही तपासणे आणि त्याची प्रकृती स्थिर करणे १९८६च्या कायद्याने बंधनकारक आहे. बिल मात्र माफ होत नाही. रुग्णालय, डॉक्टर, रुग्णवाहिका यांची बिले बरेचदा वेगवेगळी येतात, तीही आठवड्यांनी.

लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला चार-सहा महिने तिकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी विमा इथून घ्यावा की तिथून, हा मराठी घरांतला नेहमीचा वाद. भारतीय पॉलिसी बहुधा स्वस्त पडते, पण तिकडचे रुग्णालय इथल्या कंपनीला ओळखेलच असे नाही. मध्ये कंपनीच्या वतीने तिकडचे काम पाहणारी सहायक संस्था असते आणि प्रसंगी आधी स्वतः पैसे भरावे लागतात. मुलगा तिथून घेतो त्या पॉलिसींचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकात प्रत्येक उपचारामागे ठरलेली रक्कम मिळते; तीत हप्ता कमी, पण प्रत्यक्ष बिल आणि मिळणारी रक्कम यांत मोठी दरी राहू शकते. दुसऱ्यात वजावटीनंतरच्या, म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम आपण भरल्यानंतरच्या, खर्चाचा मोठा भाग कंपनी उचलते, आणि तिच्या जाळ्यातले, म्हणजे तिच्याशी करार असलेले, रुग्णालय असेल तर हिशेब थेट होतो.

पॉलिसीवर छापलेला लाख-दोन लाख डॉलरांचा आकडा पाहून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. खरी मेख आधीपासूनच्या आजाराच्या कलमात असते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे आजार अनेक पॉलिसींत वगळलेले असतात, किंवा जीव धोक्यात आला तरच आणि ठराविक रकमेपर्यंतच त्यांचा खर्च मिळतो. साठीपुढच्या प्रवाशांना खोलीभाडे, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया अशा बाबींना वेगवेगळ्या मर्यादा लागू शकतात. अर्जात गोळ्या चालू असल्याचे लपवले, तर दाव्याच्या वेळी जुनी कागदपत्रे मागवली जातात आणि दावा फेटाळला जातो. नियमित तपासण्या, बाळंतपण आणि मुद्दाम उपचारासाठीच केलेला प्रवास यात सहसा बसत नाही; साहसी खेळांना बरेचदा जास्तीचा हप्ता पडतो.

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या अपघात विभागातले उपचार पाहुण्यालाही मोफत असतात. दाखल करून घेतले की शुल्क सुरू होते.

दाखल होताच, किंवा जमेल तितक्या लवकर, पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर कळवावे लागते, नाहीतर कॅशलेस मंजुरी अडते. परतफेडीसाठी मूळ बिले, पैसे भरल्याच्या पावत्या, डिस्चार्ज समरी आणि पासपोर्टवरच्या प्रवेश-निर्गमनाच्या शिक्क्यांच्या प्रती मागतात. मुक्काम लांबला तर मुदत संपण्याआधीच वाढ मागायची असते. दरम्यान दावा झालेला असेल तर कंपनी ती नाकारू शकते.