दुचाकी बॅटरीचे पावसाळी जतन (गोवा)

स्कूटर किंवा मोटारसायकल काही आठवडे वा महिने उभी राहणार असेल, तर तिची बॅटरी उतरून कायमची निकामी होऊ नये म्हणून ती सतत किंवा ठरावीक अंतराने चार्ज करत राहण्याची पद्धत. थंड हवेच्या देशांत ही गरज हिवाळ्यात भासते. गोव्यात हिवाळा हा पर्यटनाचा, म्हणजे दुचाकींना उसंत नसण्याचा काळ. येथे गाड्या उभ्या राहतात त्या मुख्यतः जून ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांत. कळंगुट, हणजूण, हरमल, पाळोळे अशा किनारी गावांतील भाड्याच्या गाड्या (काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या) तेव्हा मोठ्या संख्येने आडोशाला जातात. जहाजांवर नोकरी करणाऱ्या तारवटींच्या घरी मात्र हा काळ ऋतूशी बांधलेला नसतो. कराराप्रमाणे गाडी सहा ते नऊ महिनेही पडवीत उभी असते. बारमाही धावणाऱ्या ‘पायलट’ (भाड्याने प्रवासी नेणाऱ्या) मोटारसायकलींपुढे हा प्रश्न सहसा येत नाही.

दुचाकीत प्रामुख्याने शिसे-अम्ल प्रकारची 12 व्होल्टची, सहा घटांची बॅटरी असते. तिच्या जनकत्वाबद्दल एकवाक्यता नाही. पुन्हा भारता येणाऱ्या घटाची कल्पना योहान व्हिल्हेल्म रिटर यांच्या 1802-03 च्या सुमाराच्या प्रयोगांपर्यंत मागे नेता येते, पण त्यांच्या चकत्या तांब्याच्या होत्या. गंधकाम्लात बुडवलेल्या शिशाच्या पत्र्यांतून प्रवाह परत मिळतो हे व्हिल्हेल्म योझेफ झिन्स्टेडेन यांनी 1854 मध्ये नोंदवले. म्हणून काही जर्मन अभ्यासक श्रेय त्यांना देतात. गास्ताँ प्लांते यांनी 1859 मध्ये शिशाच्या पत्र्यांची गुंडाळी करून टिकाऊ घट बनवला आणि 1860 मध्ये नऊ घटांची माला पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली. निरीक्षण झिन्स्टेडेन यांचे आणि साधन प्लांते यांचे, ही विभागणी अधिक न्याय्य वाटते. कामीय फोर यांनी 1880-81 मध्ये पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची युक्ती काढली. आजच्या बॅटऱ्या तिच्याच वंशातल्या. जतनाच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचे काम ग्लॅडस्टन आणि ट्राइब या रसायनशास्त्रज्ञांचे. 1882 मध्ये त्यांनी मांडले, की बॅटरी उतरताना दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते. हे सल्फेट ताजे असताना बारीक कणांचे असते आणि चार्ज करताना सहज विरते. तसेच राहिले, तर त्याचे स्फटिक मोठे व कठीण होत जातात आणि मग चार्जर लावूनही पूर्ववत होत नाहीत. उतरलेली बॅटरी ‘नंतर बघू’ म्हणून ठेवणे घातक आहे ते यासाठी.

तापमान सुमारे 10° से. वाढले, की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. गोठणबिंदूजवळच्या प्रदेशांत त्यामुळे पूर्ण चार्ज केलेली बॅटरी बराच काळ टिकते. तेथे भीती असते ती उतरलेल्या बॅटरीतील पाणीदार झालेले अम्ल गोठण्याची. गोव्यात गोठण्याचा प्रश्नच नाही, पण पावसाळ्यातही पारा 24 ते 30 अंशांच्या दरम्यान असतो. म्हणून थंड देशांसाठी लिहिलेल्या सूचनांमधील ‘दोन-तीन महिन्यांनी एकदा’ हे अंतर येथे फार लांब ठरते. महिन्याला एकदा चार्ज करणे योग्य. शिवाय घड्याळ, इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण किंवा चोरीचा अलार्म चावी बंद असतानाही थोडा प्रवाह ओढतात. तो 2 मिलिअँपिअर धरला, तर महिन्यात सुमारे 1.4 अँपिअर-तास जातात. 3 अँपिअर-तासांच्या स्कूटर बॅटरीचा हा जवळजवळ निम्मा साठा झाला. त्यामुळे निदान निगेटिव्ह वायर तरी सोडवून ठेवावी: काढताना ती आधी, जोडताना शेवटी.

काही तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी 12.7 व्होल्टच्या आसपास दाखवते, तेव्हा ती पूर्ण भरलेली समजतात, 12.4 ला साधारण तीन चतुर्थांश. याच्या खाली जाऊ देऊ नये. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे 3 अँपिअर-तासांना 0.3 अँपिअर, असा जुना आणि भरवशाचा संकेत आहे. मोटारगाडीचा चार्जर म्हणूनच लहान बॅटरीला मानवत नाही. स्वयंचलित चार्जर पूर्ण चार्जनंतर 13.5 ते 13.8 व्होल्टवर थांबतो. हा आकडा 25° से.साठी आहे; 30 अंशांना तो सुमारे 0.1 व्होल्टने कमी हवा, अन्यथा पाणी उडते आणि पत्रे झिजतात. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे, अम्ल नव्हे.

आठवड्यातून दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची सवय सर्वत्र दिसते. ती अपुरी आहे. कमी फेऱ्यांवर मॅग्नेटोकडून मिळणारी वीज मुळात थोडी, आणि एप्रिल 2017 पासूनच्या दुचाकींत इंजिनाबरोबर पुढचा दिवाही जळतो. सेल्फने खर्च केलेली वीजसुद्धा इतक्या वेळात परत मिळेल याची खात्री नाही. उलट, न तापलेल्या सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो.

बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते, हा समज जुना आहे. काही जण तो लाकडी खोक्यांच्या काळापर्यंत नेतात: ओलीने लाकूड फुगून आतली भांडी तडकत. दुसरे मत कडक रबराच्या, किंचित सच्छिद्र डब्यांकडे बोट दाखवते. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्याला जमिनीचा काही त्रास नाही. पण बॅटरीच्या माथ्यावर धूळ, अम्लाचे शिंतोडे आणि ओल मिळून दोन टर्मिनलांमध्ये गळतीची वाट तयार होते. समजामागचे अधिक पटणारे कारण हेच असावे. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत माथा कोरडा पुसणे आणि टर्मिनलांना व्हॅसलीन किंवा ग्रीस लावणे लाकडी फळीपेक्षा जास्त उपयोगी. माडाची झावळी तारांवर पडून वीज जाणे येथे पावसाळ्यात नित्याचे आहे. वीज परतल्यावर स्वतःहून चालू होणारा चार्जर नसेल, तर तो लावून विसरण्यात अर्थ नाही. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून देवघरातील समई-निरांजनापासून आणि बंद कपाटांपासून बॅटरी दूर ठेवावी.

एप्रिल 2020 पासूनच्या अनेक गाड्यांना किक नाही आणि इंधनपंपही विजेवर चालतो, त्यामुळे चतुर्थीला गाडी बाहेर काढताना बॅटरी मेलेली असणे पूर्वीपेक्षा महागात पडते. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीला वेगळा चार्जर लागतो. विद्युत स्कूटरची मुख्य बॅटरी पूर्ण भरून न ठेवता निम्म्याच्या आसपास ठेवतात. निकामी शिसे-अम्ल बॅटरी 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार घरच्या कचऱ्यात न टाकता पुनर्चक्रणासाठी द्यावयाची असते. व्यवहारात नवी घेताना विक्रेता ती परत घेतो.