पान तेच, वाचक गायब

२४ फेब्रुवारी २०११ रोजी गूगलने जाहीर केलं की शोधाच्या पद्धतीत मोठा बदल केलाय, आणि त्यामुळे अमेरिकेतल्या ११.८ टक्के शोधांचे निकाल बदलतील. त्यानंतरच्या दिवसांत अनेक संकेतस्थळांच्या मालकांना एकच दृश्य दिसलं. सर्व्हर चालू, पानं जागच्या जागी, मजकुराचं एक अक्षर इकडचं तिकडे नाही. वाचकसंख्येचा आलेख मात्र कड्यावरून दगड सुटावा तसा खाली आलेला. या बदलाचं नाव पांडा. हे नाव प्राण्यावरून पडलेलं नाही. तो बदल घडवणाऱ्यांपैकी एक अभियंता, नवनीत पांडा, यांचं ते आडनाव.

असं काही झालं की तोंडात पहिला शब्द येतो तो ‘पेनल्टी’, म्हणजे गूगलने दिलेली शिक्षा. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो, आणि त्या चुकीपायी माणसं महिनोन्‌महिने भलतंच दुरुस्त करत बसतात. खरी पेनल्टी माणसाने तपासून लावलेली असते. तिची सूचना सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटच्या मालकांसाठी गूगलने दिलेल्या साधनात येते, फेरविचारासाठी अर्जही करता येतो. अल्गोरिदम, म्हणजे निकालांचा क्रम लावणारी यंत्राची पद्धत, बदलल्यावर यातलं काहीच होत नाही, कारण तुमच्याविरुद्ध कुणी काही ठरवलेलंच नसतं. सगळ्यांचे गुण नव्याने मोजले जातात आणि रांगेतल्या जागा बदलतात.

मग घसरण एवढी मोठी का? गणपतीच्या दिवसांत ‘उकडीचे मोदक कसे करायचे’ हे शंभर जणांनी शोधलं असं धरू. पहिल्या निकालावर तीस जण गेले, दुसऱ्यावर पंधरा, तिसऱ्यावर दहा, सातव्यावर तीन. हे आकडे समजुतीपुरते घेतलेत, पण उतार खरोखर असाच तीव्र असतो. आता पहिल्या सात पानांचे गुण ८२ ते ८१ एवढ्याच पट्ट्यात दाटीवाटीने बसलेले असले, तर नव्या मोजणीत एक गुण गेला की पहिलं पान थेट सातव्या जागी. गुण घटले सव्वा टक्क्याने, वाचक घटले नव्वद टक्क्यांनी. पाककृती कालच्याइतकीच चांगली आहे.

पांडाने मोजलं काय, ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. त्या काळात ‘कंटेंट फार्म’ फोफावले होते. लोक काय शोधतात ते बघायचं आणि त्या शब्दांवर स्वस्तात, घाईघाईने ढिगाने लेख लिहून घ्यायचे, असा तो धंदा. हा ढीग ओळखायला गूगलने आधी माणसं बसवली. गूगलचे अभियंते अमित सिंघल आणि मॅट कट्स यांनी त्याच वर्षी एका मुलाखतीत सांगितलं की परीक्षकांना विचारलेले प्रश्न साधे होते. या साइटला तुमच्या क्रेडिट कार्डाचा नंबर द्याल का? तिने सुचवलेलं औषध तुमच्या मुलांना द्याल का? मजकुराच्या दर्जाची याहून नेमकी कसोटी मी पाहिलेली नाही.

यंत्राला भरवसा कळत नाही, मोजता येणाऱ्या खुणा कळतात. आलेखाच्या कागदावर प्रत्येक साइट म्हणजे एक ठिपका माना. परीक्षकांना भरवशाच्या वाटलेल्या निळ्या, बाकीच्या लाल. दोन्ही रंगांच्या मधून जाणारी रेघ सापडली की न पाहिलेली नवी साइट कुठल्या बाजूला पडते, हे यंत्र स्वतः सांगू शकतं. प्रत्यक्षात मिती दोनपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि रेघेच्या जागी प्रतल येतं, पण कल्पना हीच. गूगलने ताळाही करून पाहिला. नकोशा साइट निकालातून अडवण्यासाठी क्रोम ब्राउझरला एक जोड दिली होती. लोकांनी तिच्यातून सर्वाधिक अडवलेल्या काही डझन साइटपैकी ८४ टक्के साइट या नव्या पद्धतीच्या तडाख्यात सापडल्या. त्या जोडमधली माहिती अल्गोरिदमने वापरलेलीच नव्हती, म्हणून हा ताळा महत्त्वाचा.

तरीही रेघेला खेटून बसलेल्या ठिपक्यांवर अन्याय होतोच. शिवाय इथे मोजणी सुट्या पानाची नव्हती, अख्ख्या साइटचा दर्जा पाहिला जात होता, म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जळणार. हबपेजेस या साइटवर असंख्य लेखक लिहीत. पांडानंतर तीही कोसळली. मग २०११ च्या मध्यावर तिने प्रत्येक लेखकाचं लेखन वेगळ्या उपडोमेनवर, म्हणजे साइटच्याच नावाखालच्या स्वतंत्र पत्त्यावर हलवलं. मजकूर तोच, फक्त घरं वेगळी झाली, आणि चांगल्या लेखकांचे वाचक परत येऊ लागले.

काही वेळा पानाचा दर्जा मुद्द्यातच नसतो. यंत्राला प्रश्नच नव्याने कळतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलने इंग्रजी शोधात बर्ट नावाचं भाषेचं प्रारूप आणलं आणि डिसेंबरमध्ये ते सत्तरहून अधिक भाषांना दिलं. त्यांत मराठीही होती. ‘पुण्याहून नाशिकला बस’ आणि ‘नाशिकहून पुण्याला बस’ यांत गावं तीच, बसही तीच. अर्थ फिरवतात ते फक्त ‘हून’ आणि ‘ला’. सुटे शब्द जुळवणाऱ्या यंत्राला हे दोन्ही शोध जवळपास सारखेच. अशा गोंधळावर ज्या पानांना वाचक मिळत होते, त्यांचे ते वाचक बर्टनंतर गेले आणि ते जाणंच योग्य होतं.

आलेख पडला तर मजकुराला हात लावण्याआधी सर्च कन्सोलमधले तीन आकडे शेजारी शेजारी ठेवावेत: इम्प्रेशन (पान निकालांत किती वेळा दिसलं), सरासरी स्थान आणि क्लिक. इम्प्रेशन एकदम शून्याकडे गेली असतील तर दोष बहुधा घरचाच, साइट नव्याने बांधताना ‘हे पान निकालांत दाखवू नका’ असं सांगणारी ‘नोइंडेक्स’ची एखादी ओळ राहून गेलेली. इम्प्रेशन बऱ्यापैकी तशीच आणि स्थान तीनवरून नऊवर, तर रांग बदलली. स्थानही तेच, इम्प्रेशनही तीच आणि तरी क्लिक आटले, तर निकालाचं पानच बदललेलं असू शकतं. वर एआयने आयतं उत्तर मांडलं की खाली कोण उतरतो? प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मधल्या अमेरिकी वापरकर्त्यांच्या नोंदी तपासल्या. एआयचा सारांश दिसला तेव्हा नेहमीच्या दुव्यावर क्लिक झालं ते ८ टक्के वेळा. सारांश नव्हता तेव्हा १५ टक्के.

आणि दुरुस्ती केल्यावर लगेच फळ येईल असंही नाही. दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारे दुवे जास्त, तर निकालांत जागा वरची, म्हणून काही जण ते विकत घेत किंवा बनावट तयार करत. अशा दुव्यांना रोखणारा गूगलचा पेंग्विन नावाचा बदल एप्रिल २०१२ मध्ये आला. त्याची मोजणी सतत चालत नसे, अधूनमधून एकदा होई. त्यात खाली गेलेल्याने चूक सुधारली, खोटे दुवे एकेक करून काढून टाकले, तरी पुढच्या मोजणीपर्यंत त्याच्या नावावर जुनेच गुण राहत. एक मोजणी ऑक्टोबर २०१४ मध्ये झाली. पेंग्विन सतत चालू राहण्याची सोय झाली सप्टेंबर २०१६ मध्ये. ज्याने नोव्हेंबर २०१४ मध्ये घर साफ केलं, त्याला जवळजवळ दोन वर्षं उंबऱ्यात उभं राहावं लागलं, आणि तेवढ्या काळात जागेचं भाडं आणि माणसांचे पगार काही थांबत नाहीत.