काळा पृथ्वीगोल: भूगोलाची गोल पाटी

साताऱ्यात एका निवृत्त भूगोल शिक्षकांकडे परवा काळा पृथ्वीगोल पाहिला. त्यावर देश नाहीत, समुद्र नाहीत, नावं नाहीत. अक्षवृत्तं आणि रेखावृत्तं तेवढी फिकट पिवळ्या रेघांनी आखलेली. बाकीची पृथ्वी मुलांनी खडूने काढायची आणि फडक्याने पुसून पुन्हा काढायची. म्हणजे ही गोल पाटीच.

आज टिकून असलेला सर्वांत जुना पृथ्वीगोल न्यूरेंबर्गच्या मार्टिन बेहाइमचा, १४९२ सालचा. त्यावर अमेरिका नाही, कारण तो तयार झाला तेव्हा कोलंबस परतलेला नव्हता. पुढे छापील नकाशाच्या निमुळत्या पट्ट्या गोलावर चिकटवू लागले. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी गोलाध्यायात बजावलं होतं की गोल न जाणणारा गणिती म्हणजे तुपाविना जेवण.

काळ्या गोलाची नाळ मात्र फळ्याशी जुळते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडिंबरोचे शिक्षक जेम्स पिलान्स फळ्यावर रंगीत खडूने भूगोल शिकवत. नकाशा आठवून हाताने काढता आला तरच तो समजला, असं त्या काळचे शिक्षक मानत. पण सपाट फळ्यावर गोल पृथ्वी बसवायची कशी? नकाशाकार मर्केटरच्या १५६९ च्या पद्धतीने काढलेल्या सपाट नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. मग फळाच गोल केला. शिकागोजवळची वेबर कॉस्टेलो ही कंपनी फळे, खडू, डस्टर आणि पृथ्वीगोल, सगळंच बनवायची. एकाच छपराखाली या वस्तू तयार होत, यात मला नवल वाटत नाही.

छापील गोल सरहद्दी बदलल्या की जुना होतो. १९४७, १९७१, १९९१ या सालांनी किती गोल माळ्यावर गेले असतील! काळ्या गोलावर फडकं फिरवलं की काम झालं.

त्याची खरी मजा आकडेमोडीत. साताऱ्याचा ठिपका साधारण १७ अंश ४१ मिनिटे उत्तर, ७४ अंश पूर्व इथे टाका. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची. मधले साडेआठ अंश, अंशाला चार मिनिटे, म्हणजे इथला सूर्य घड्याळापेक्षा सरासरी ३४ मिनिटे मागे. सूर्य डोक्यावर कधी येतो तेही काढता येतं: मे महिन्याच्या दुसऱ्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, ऑगस्टमध्ये ढग असले तर तो दिसत नाही एवढंच. आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरला तर तो रशियाच्या अंगाने ६० अंशांच्याही वर चढतो. त्या शिक्षकांनी दोरा हातात दिला आणि तो ताणल्यावर कुठून जातो हे मलाच खडूने आखायला लावलं.